पेढे आणि प्रीमियम

आमच्या पतपेढीच्या जिन्याखाली झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन मशीन, एक प्लास्टिकचं स्टूल आणि लॅमिनेशनचा कायमचा गरम वास. ते सांभाळणारा मुलगा (मुलगा म्हणायचं, चाळिशीला टेकलाय) मागे एका दुपारी पेढ्यांचा बॉक्स घेऊन वर आला. म्हाडाच्या, म्हणजे सरकारी घरांच्या, सोडतीत घर लागलं होतं. अत्यल्प उत्पन्न गट, मुंबईच्या हद्दीत, स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर. मोबाइलवरचा मेसेज त्याने एकेकाला दाखवला, आणि मेसेज चुकून पुसला गेला तर असावा म्हणून काढून ठेवलेला स्क्रीनशॉटही दाखवला. आमच्या मॅनेजरसाहेबांनी त्याला मिठी मारली. कर्जदाराशी हस्तांदोलन करतानाही ते हात आखडता घेतात. काही महिन्यांनी तोच मुलगा माझ्या काउंटरपाशी येऊन हळू आवाजात विचारत होता, “मॅडम, घर परत करायचा अर्ज मराठीत लिहिला तर चालतो ना?”

मी कर्ज विभागात बसते, त्यामुळे हिशेब मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुकान त्याचं नाही, मालकाचं. पगार अठ्ठावीस हजार, त्यातला बराचसा रोख, म्हणजे बँकेच्या लेखी अर्धा अस्तित्वात नसलेला. सगळाच्या सगळा धरला आणि निम्मा हप्त्यात जाईल असं मानलं, तरी चौदा हजार. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे बँक फार तर सोळा लाख देणार. घर बत्तीस लाखांचं. पंतप्रधान आवास योजनेत केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख वजा होतात, ते धरले तरी तेरा-साडेतेरा लाखांचं भगदाड उरतं. बायकोचे दागिने आमच्याकडेच तारण ठेवायला आणले होते. पाटल्या, एक मंगळसूत्र, कानातलं. काट्यावर ठेवले तेव्हा दोघंही आकड्याकडे बघत होते. गावाकडे संगमेश्वरला सामाईक जमीन आहे, सातबाऱ्यावर अकरा नावं. एका बँकेने पगारपत्रक मागितलं, दुसरीने तीन वर्षांची रिटर्न्स, तिसरीने जामीनदार मागितला आणि तो मिळाल्यावर त्याचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचे गुण, कमी निघाला.

म्हणजे बघा, सोडतीच्या अर्जात उत्पन्न कमी असायला हवं. अत्यल्प गटाची मर्यादा आपल्याकडे वर्षाला सहा लाख. आणि त्याच घराच्या कर्जासाठी ते जास्त असायला हवं. दोन्ही अटी एकाच माणसाने एकाच महिन्यात पुऱ्या करायच्या. ज्याला हे जमतं त्याच्या घरी बहुधा सासऱ्यांची एफडी तरी असते, नाहीतर खरं उत्पन्न कागदावर आलेलं नसतं.

घर सोडलं. प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या कुणाला तरी ते गेलं असेल.

मला टोचत राहिलं ते घर जाणं नव्हे, त्यानंतरचं बोलणं. पतपेढीत सगळे म्हणाले, नशिबात नव्हतं. तोही तेच म्हणाला, जरा हसून, दुसऱ्या कुणाचं सांत्वन करावं तसं. मुंबईत घराच्या बाबतीत आपण इतक्या वर्षांत इतकंच शिकलोय. २०२४ च्या म्हाडाच्या मुंबई सोडतीत २०३० घरांसाठी लाखावर अर्ज आले होते. निकालाच्या दिवशी ज्यांची नावं लागतात त्यांचे फोटो येतात, हात वर केलेले, डोळे भरलेले. ज्यांची लागत नाहीत ते अनामत परत कधी जमा होते ते बघत बसतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरतात. माझ्या ओळखीची एक नर्स आहे, ती सोडतीला गणपतीसारखं मानते. दरवर्षी यायचंच, दरवर्षी जायचंच.

माझ्या वडिलांना घर नशिबाने मिळालं नव्हतं. निदान त्यांनी तरी कधी तसं म्हटलं नाही. ते एल. बी. एस. मार्गावरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं लालबागच्या चाळीत चुलत्यांच्या खोलीत पडद्याआड काढली होती. कन्नमवार नगरात खोली मिळाली ती कामगारांसाठीच्या योजनेत. अर्ज केला, कारखान्याचा दाखला जोडला, काही वर्षं थांबले, मिळाली. ते आयुष्यभर त्याला ‘बोर्डाची खोली’ म्हणत राहिले. गृहनिर्माण मंडळ १९४८ च्या कायद्याने आलं, १९५२ साली केंद्राची औद्योगिक कामगारांच्या घरांची अनुदानित योजना सुरू झाली, आणि त्यातून विक्रोळी, कुर्ला, चेंबूर अशा तेव्हाच्या गावाबाहेरच्या पट्ट्यात वसाहती उभ्या राहिल्या. म्हाडा नंतरची, १९७७ ची. हा इतिहास वडिलांना ठाऊक नव्हता आणि त्यांचं काही अडलंही नाही. त्यांना ठाऊक होतं ते भाडं. पगाराच्या मानाने इतकं की पहिल्या आठवड्यात भरून टाकलं की महिनाभर त्याचा विचार करावा लागत नसे. पावत्या स्वयंपाकघराच्या दाराआड एका वाकवलेल्या तारेला टोचलेल्या असत. खालच्या पिवळ्या, वरच्या पांढऱ्या, आणि कडांना फोडणीच्या तेलाचे डाग.

खोली काही मोठी नव्हती. एक बाहेरची, एक आतली, आणि आतल्या खोलीला लागून मोरी नि संडास. पण लालबागच्या नातेवाईक बायका यायच्या त्या आधी संडास बघायच्या. दार उघडून, वाकून, कडी लावून बघायच्या. आत्या म्हणे नुसतीच आत जाऊन दोन मिनिटं उभी राहिली होती. आई हे सांगताना हसायची आणि पुढे जोडायची, “हस काय, तिला रात्री उठून मजल्याच्या टोकाला जावं लागायचं, हातात डबा घेऊन.” शहाबादी फरशी उन्हाळ्यात इतकी गार की आम्ही भावंडं दुपारी उशीशिवाय पालथी झोपायचो आणि गालावर सांध्याची रेघ उमटायची. खाडीकडून संध्याकाळी वारा यायचा, त्यात चिखलाचा वास असायचा. त्या वासाबद्दल कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. पावसात भिंतीला ओल यायची, त्याची मात्र रोज तक्रार.

हे सगळं गोड करून सांगायचा मोह होतो, म्हणून दुसरी बाजूही सांगते. बोर्डाच्या खोल्या सगळ्यांना मिळत नव्हत्या. कारखान्यात कायम असलेल्याला मिळायच्या. बदली कामगार, घरकामाच्या बायका, पदपथावर केळी विकणारा, यांच्या वाट्याला झोपडपट्टीच. आमच्या इमारतीत भांडी घासायला येणाऱ्या मावशी टेकडीवरून उतरून यायच्या. दुरुस्तीला मंडळाचा माणूस आणायचा तर दोन पावसाळे जायचे. आणि घरं पुढे मालकीची झाली तेव्हा ज्यांनी आधीच कुणाला परस्पर दिली होती, त्यांची वेगळीच महाभारतं झाली. पण एक गोष्ट होती. सरकार आपल्या जमिनीवर घर बांधत होतं आणि भाडं ठरवताना राहणाऱ्याचा पगार बघत होतं. आजच्या किमतीत पगार फक्त पात्रतेच्या रकान्यात उरला आहे.

सगळं अडतं ते जमिनीपाशी. सिमेंट, सळई, मजुरी यांचे भाव डोंबिवलीत आणि दादरला काही फार वेगळे नसतात. वेगळी असते ती खालची जमीन, आणि ती एकदा हातची गेली की मग योजना कितीही गोड नावाची काढा. गिरण्यांचंच बघा. १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. त्या नियमाने फार घरं झाली नाहीत, कारण मालक जमिनी काढेचनात. मग २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता फक्त मोकळ्या जमिनीची झाली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? शेड, गोदामं, चिमणी, बॉयलरचं घर, सगळीकडे बांधकामच. लोक कोर्टात गेले, उच्च न्यायालयात जिंकले, आणि २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. परळ-लोअर परळच्या काचेच्या इमारतींकडे बघताना मला नेहमी ती दुरुस्ती आठवते. कसली दंगल नाही, गोळीबार नाही, नियमावलीतली शब्दरचना बदलली.

गिरणी कामगारांसाठी पहिली मोठी सोडत निघाली २०१२ साली, ६९२५ घरांची. अर्ज दीड लाखाहून अधिक, वारसांसह. उरलेल्यांना आता शेलू आणि वांगणी दाखवतात, कर्जत लाइनवर. ज्यांनी परळला भोंग्यावर उठून आयुष्य काढलं त्यांच्या नातवंडांनी वांगणीहून पहाटेची लोकल पकडायची. २०२५ च्या जुलैत म्हातारे कामगार आझाद मैदानावर येऊन मुंबईतच घर द्या म्हणाले. फोटोत बऱ्याच जणांच्या डोक्यावर गांधी टोपी होती. माझ्या ऑफिसातला एक तरुण सहकारी म्हणाला, “फुकटात मिळतंय, आणि वर लोकेशन पण हवं?” त्याने स्वतः ठाण्यात घर घेतलंय २०२० च्या डिसेंबरात, जेव्हा राज्याने मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोनवर आणलं होतं. रजिस्ट्रार ऑफिसबाहेर त्या महिन्यात रांगा होत्या. ती सवलत सगळ्यांना सरसकट होती. तीस लाखांच्या घरावर नव्वद हजार वाचले, दहा कोटींच्या घरावर तीस लाख. त्याला कुणी फुकट म्हटलं नाही.

मी त्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, ताई, तुम्ही फार मनाला लावून घेता.

असो. गोरेगावला दिंडोशीत नागरी निवारा वसाहत आहे, ती बघायला मी मुद्दाम एका मैत्रिणीबरोबर गेले होते. मृणालताई गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरात एकाच मालकाने किती जमीन ठेवावी याला मर्यादा घालणाऱ्या कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन, रस्त्यावर आणि कोर्टात वर्षानुवर्षं लढून ती जमीन मिळवली आणि सहा हजारांच्या आसपास घरं सामान्य माणसांना परवडतील अशा किमतीत उभी केली. आज तिथे गेलं तर फार वेगळं काही दिसत नाही. झाडं बरीच मोठी झालीत, जिन्यात सायकली, खाली भाजीवाला, एका गॅलरीत पापड वाळत घातलेले. मला तेच आवडलं. ज्या कायद्यामुळे ते शक्य झालं तो १९७६ चा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेचा निधी हवा तर ती अट होती. कायद्याला भोकं खूप होती हे मान्य. सवलतींचा बाजार झाला होता. पण भोकं बुजवायची सोडून भांडंच भंगारात दिलं, आणि त्यानंतर जमिनीचे भाव उतरतील म्हणून सांगत होते ते अजून वर बघतायत.

मे २०२५ मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण आलं, ‘माझे घर, माझा अधिकार’. २०३० पर्यंत ३५ लाख घरं, सत्तर हजार कोटींची गुंतवणूक. मी ते वाचलं, चहा घेत, पेन हातात धरून, पतपेढीतली सवय. त्यात चांगल्या गोष्टी आहेत आणि त्या मी कुणी विचारलं तर मोठ्याने सांगेन. सरकारी जमिनींची नोंद एका जागी आणायची गोष्ट आहे, नोकरी करणाऱ्या बायकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी, औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या घरांची गोष्ट आहे. भाड्याची! माझ्या झेरॉक्सवाल्याला बत्तीस लाखांचं घर नको होतं हो. त्याला दर अकरा महिन्यांनी ब्रोकरला एक भाडं, मालकाला वाढीव डिपॉझिट आणि टेम्पोवाल्याला तीन हजार द्यायचे नव्हते. मुलीची शाळा बदलायची नव्हती. सहा-सात हजारांत पंधरा वर्षं कुणी उठवणार नाही अशी सरकारी खोली मिळाली असती तर त्याने त्याचेही पेढे वाटले असते. पण ३५ लाख हा आकडा ऐकला की मला विरार-बोळिंज आठवतं. म्हाडाची हजारो घरं तिथे तयार होऊन वर्षानुवर्षं रिकामी पडली होती, पाणी पुरेसं नव्हतं आणि कामधंदा दूर. नळाला पाणी नसेल आणि लोकल दोन तासांची असेल, तर चावी हातात येऊनही माणूस राहायला जात नाही. सरकारी घरांसाठी सिंगापूरचं उदाहरण मला देऊ नका. बोळिंजची पाण्याची टाकी आधी बघून या.

आणि चांगलं उदाहरण हवं तर तेही आपल्याच गावात आहे. वरळीची बीडीडी चाळ. १९२० च्या दशकातल्या त्या इमारतींमधल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून लोक २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घरात जायला लागले, एक पैसा न भरता. फार उशीर झाला, मधल्या काळात किती म्हातारी माणसं गेली. बांधकामाबद्दल तक्रारीही ऐकते. तरी ते का होऊ शकलं? जमीन शंभर वर्षं सरकारची होती आणि कुणी विकली नव्हती म्हणून.

आता आमच्या कन्नमवार नगराची पाळी आहे. तिथल्या घरात माझा भाऊ राहतो. इमारत पुनर्विकासाला निघालीय आणि गेल्या महिन्यात सभा होती, मी त्याच्याबरोबर गेले. गच्चीवर मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, वडा-चटणीची पाकिटं, आणि पडद्यावर एक खोटं आकाश असलेला टॉवर. चर्चा कार्पेट एरियाची, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेची, विकासकाकडून मिळणाऱ्या कॉर्पस निधीची, भाड्याच्या चेकची. म्हाडा वसाहतींच्या पुनर्विकासात जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, मिळतं, त्याच्या बदल्यात विकासकाने एकतर म्हाडाला बांधलेली घरं द्यायची किंवा प्रीमियम म्हणून पैसे भरायचे, अशी दोन वळणं सरकार वेळोवेळी घेत आलंय. माझं मत साधं आहे आणि ते मी गेली काही वर्षं भेटेल त्याला सांगते. सरकारने घरं घ्यावीत. प्रीमियम तिजोरीत जातो आणि तिथून कुठल्या तरी उड्डाणपुलात जातो. घर घेतलं तर ते इथेच, विक्रोळीत, स्टेशनजवळ, एखाद्या नर्सला, बसड्रायव्हरला, झेरॉक्सवाल्याला भाड्याने देता येतं आणि तो निवृत्त झाला की पुढच्याला. अशी दहा-दहा घरं प्रत्येक इमारतीतून घेतली तर वांगणीला डोंगर फोडायची गरज किती कमी होईल, याचा हिशेब कुणी मांडला तर मी फुकट टाइप करून देईन.

म्हणून मी सल्लागाराला विचारलं, “म्हाडाला घरं देणार की प्रीमियम?” तरुण माणूस, पांढरे बूट. तो समजुतीने हसला. “प्रीमियमच, मॅडम. घरं दिली तर तुमच्या टॉवरमध्ये लॉटरीवाले येतील ना. लिफ्ट एकच, जिम एकच. रेटवर परिणाम होतो.” आणि मांडवातल्या माना हलल्या. ज्यांच्या बापांनी कारखान्याचा दाखला जोडून खोली मिळवली, ज्यांच्या आत्या संडास बघायला आल्या, त्यांच्याच माना. मला राग आला, आणि लाजही वाटली, कारण त्या सगळ्यांना मी नावाने ओळखते. त्यातल्या एका काकांनी मला सायकल शिकवली होती. त्यांचंही काही चुकत नाही म्हणावं तर तेही पटत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात विकता येण्यासारखं काहीतरी आलंय, आणि त्याचा भाव कमी होऊ नये एवढंच त्यांना कळतं.

मी म्हटलं, माझा प्रश्न इतिवृत्तात लिहा. सेक्रेटरी म्हणाले, तू सभासद नाहीस, भावाच्या नावाने लिहावं लागेल. सगळ्यांनी भावाकडे बघितलं. त्याने वड्याचं पाकीट खाली ठेवलं, रुमालाला हात पुसले आणि म्हणाला, “लिहा. पण आपला कार्पेट कमी होणार नाही ना, ते त्याच्या आधी लिहा.”